नर्तकीचं वजन कुठल्या पायावर आहे?

प्रश्न असा आहे: नर्तक-नर्तकींच्या चित्रांचं आणि शिल्पांचं एक मोठं प्रदर्शन बघायला जायचं आहे. मी नाचत नाही, चित्रंही काढत नाही. मागे असंच एक प्रदर्शन वीस मिनिटांत संपवून बाहेर पडलो. सगळ्या मूर्ती हात वर करून उभ्या, सगळ्या चित्रांत घोळदार झगे. नेमकं बघायचं तरी काय?

वीस मिनिटांत बाहेर आलात याचं वाईट वाटून घेऊ नका. मी शिल्पकार आहे. तीसेक वर्षं माती, मेण आणि प्लास्टर हाताळतोय, विद्यार्थ्यांना मानवाकृती शिकवतोय, आणि तरीही नर्तकींनी भरलेलं दालन मलाही थकवतं. विषयच मुळात गोड. गोडाचं दुसरं ताट समोर आलं की जीभ जशी बधिर होते, तसं डोळ्यांचं होतं. म्हणून मी अशा प्रदर्शनाला जाताना एकच हत्यार बरोबर नेतो, आणि ते गवंड्याकडून उसनं घेतलेलं आहे: ओळंबा. म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. खरा ओळंबा न्यायची गरज नाही, मनातला पुरतो.

हे मला कसं कळलं ते सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एक नर्तकी केली होती. एका पायावर उभी, दुसरा पाय मागे उचललेला, हात पंखांसारखे पसरलेले. येणारे-जाणारे वाहवा करत होते. एक दिवस एक वयस्कर नृत्यगुरू आल्या, मूर्तीभोवती संथपणे एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "ही पडणार." मी म्हटलं, "नाही बाई, आत लोखंडी सळई आहे." त्या हसल्या. "मूर्ती नाही पडणार हो. मुलगी पडेल."

त्यांनी एका नजरेत जे पाहिलं ते तुम्हीही शिकू शकता. गळ्याच्या दोन हाडांमध्ये जी खळी असते तिथून मनातल्या मनात ओळंबा सोडा. माणूस सगळं वजन एका पायावर टाकून स्थिर उभा असेल तर ओळंबा त्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो. दोन्ही पायांवर वजन वाटलेलं असेल तर दोन पावलांच्या मध्ये कुठेतरी उतरतो. आणि दोन्हींच्या बाहेर उतरला, तर दोनच शक्यता. एक तर त्या क्षणी शरीर कुठेतरी निघालं आहे, अर्धं पडतंय आणि पुढचं पाऊल त्याला सावरणार आहे. किंवा कलाकार चुकला आहे. पुढचं पाऊल तुम्हाला दिसायला लागलं तर पहिली शक्यता, नाही दिसलं तर दुसरी. माझ्या मूर्तीत दुसरी होती.

हे एकदा जमलं की सारख्या वाटणाऱ्या मूर्ती वेगवेगळ्या दिसायला लागतात.

मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध 'नर्तकी' घ्या. 1926 मध्ये उत्खननात सापडली, सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उंची फक्त 10.5 सेंटिमीटर, म्हणजे तळहातात मावेल एवढी. छायाचित्रांमुळे ती आपल्याला हातभर उंचीची वाटत असते. ती नाचत नाहीये. एक हात कमरेवर, दुसरा बांगड्यांनी भरलेला, हनुवटी वर, वजन एका पायावर आणि दुसरा गुडघा किंचित दुमडलेला. 'नर्तकी' हे नाव ज्यांना सापडली त्यांनी दिलं, तेव्हापासून चिकटलं. तिची पावलं तुटून गेलेली आहेत, तरी वजन कुठे होतं ते कटीच्या तिरकेपणावरून बिनचूक कळतं. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या ओतकाम करणाऱ्याला ओळंबा माहीत होता.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला चोळकाळातले ब्राँझचे नटराज. उजवा पाय अपस्मारावर, म्हणजे पायाखालच्या बुटक्या असुरावर रोवलेला, तोही गुडघ्यात वाकलेला, डावा पाय आडवा उचललेला, चार हात चार दिशांना, जटा दोन्ही बाजूंना उडालेल्या. एवढा गदारोळ, पण ओळंबा सोडला तर तो टेकलेल्या पावलाच्या जवळच येतो, आणि चेहरा पूर्ण शांत. वावटळीच्या मधोमध जशी हवा स्थिर असते तसं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. या मूर्ती संग्रहालयाच्या चौथऱ्यासाठी घडवलेल्याच नव्हत्या. त्या मिरवणुकीच्या उत्सवमूर्ती. पीठाकडे वाकून बघितलंत तर दांडे ओवायची भोकं किंवा कड्या दिसतील. देवळात ती मूर्ती रेशमात आणि फुलांत जवळजवळ झाकलेली असते आणि खांद्यांवरून डुलत जाते. संग्रहालयात आपण जी रेषा बघून थक्क होतो, ती भाविकाला त्या दिवशी क्वचितच दिसते. मला हे नेहमी चटका लावतं, का ते सांगता येत नाही.

आता ओळंबा मुद्दाम मोडणारे. फ्रेंच शिल्पकार कामिय क्लोदेलचं 'वॉल्ट्झ' कुठल्या प्रदर्शनात आलं तर तिथे वेळ काढा. एक जोडपं गिरकी घेताना एका बाजूला इतकं कललं आहे की थांबलं तर कोसळेल. ते थांबत नाहीये, म्हणूनच उभं आहे. सायकलवरचा माणूस वळणावर कलतो तोच हिशेब. मूळ आराखड्यात दोघंही पूर्ण विवस्त्र होती. सरकारी निरीक्षकाने हरकत घेतली, म्हणून तिने बाईच्या कमरेखाली वस्त्र दिलं. गंमत अशी की त्या वस्त्राने शिल्प सुधारलं. त्याचा घोळ मागे ओढला जातो आणि गिरकीची दिशा दाखवतो, शिवाय एवढ्या कललेल्या आकृतीला खालून आधारही देतो. एरवी मी शिल्पातल्या फडफडणाऱ्या कापडाकडे संशयानेच बघतो. पायांचं काम जमलं नाही की कलाकार झगा उडवतो. कापड झाकून बघा (हात डोळ्यांसमोर धरून, मूर्तीवर नव्हे!). उरलेलं शरीर नाचत असेल तर काम खरं.

इथे साहित्याचा मुद्दा येतो. तो कळला की निम्मी कोडी सुटतात. संगमरवर दाबाला दणकट, पण ओढाताणीला आणि वाकवण्याला कच्चा. दगडाच्या नर्तकीचा एक घोटा अख्ख्या धडाचं वजन पेलू शकत नाही, पसरलेला हात स्वतःच्याच वजनाने खांद्यात तडकतो. म्हणून कानोवाची कमरेवर हात ठेवलेली नर्तकी कितीही हलकी दिसली तरी तिच्या पायामागे झाडाचा बुंधा आहे. तो सजावटीसाठी नाही, खांब आहे तो. संगमरवरी नर्तकीजवळ गेलात की आधी हा चोर-खांब शोधा: बुंधा, खडक, खाली लोळणारं वस्त्र. कुठे लपवलाय आणि किती लाजत लपवलाय, यातच शिल्पकाराची हुशारी दिसते. ब्राँझला हा त्रास नाही. धातू ताण सोसतो, शिवाय मोठ्या मूर्ती आतून पोकळ ओततात, म्हणून एका पायाच्या चवड्यावरही आकृती उभी राहते. चोळ शिल्पकार मात्र मेणाची मूर्ती करून, तिच्यावर मातीचा साचा चढवून, मेण वितळवून काढून, पूर्ण भरीव ओतत. आपल्याकडे त्याला मधूच्छिष्ट विधान म्हणतात, मधूच्छिष्ट म्हणजे मधमाश्यांचं मेण. प्रत्येक मूर्तीचा साचा फोडावा लागतो, त्यामुळे तशी दुसरी होत नाही.

आणि आता फ्रेंच चित्रकार दगा, ज्याच्यासमोर प्रत्येक जण थांबतो. एडगर दगा (1834–1917) हा नर्तकींचा चित्रकार म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या चित्रांत प्रत्यक्ष नाच फार कमी आहे. ताटकळणं आहे, बुटाची फीत बांधणं आहे, पाठ खाजवणं आहे, जांभई आहे. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात त्याचं नृत्याच्या वर्गाचं चित्र आहे. मधोमध काठी टेकून म्हातारा गुरू उभा. पुढे डाव्या हाताला एक मुलगी पियानोवर बसून पाठ खाजवतेय. जवळच एक कुत्रं आणि जमिनीवर पाणी शिंपडायची झारी. गुरू सांगतोय आणि अर्ध्या मुली ऐकत नाहीयेत. कुठल्याही कलेच्या वर्गात तास काढलेल्या माणसाला हे चित्र फसवू शकत नाही.

दगाच्या चित्रात मी आधी जमीन बघतो. चित्राचा केवढा मोठा भाग नुसत्या लाकडी फळ्यांनी व्यापलेला असतो! ती रिकामी जमीन म्हणजे अजून न झालेला नाच. मग कडा बघतो. कडेला कुणाचा अर्धा पाय, कुणाचा नुसता झगा कापलेला. 'तारका' म्हणून ओळखलं जाणारं त्याचं पेस्टल, म्हणजे रंगीत खडूंचं चित्र, असंच. वरच्या बॉक्समधून बघावं तशी नर्तकी, खालून येणाऱ्या रंगमंचाच्या दिव्यांनी तिची हनुवटी आणि गळा उजळलेला. सगळे तिच्याकडेच बघतात. मागे पडद्याआड काळ्या सुटातला एक पुरुष उभा आहे, त्याचं डोकं दिसत नाही. त्या काळच्या ऑपेरात वर्षाची वर्गणी भरणाऱ्या श्रीमंत पुरुषांना पडद्यामागे मोकळी वाट होती आणि या मुली गरीब घरांतल्या असत. चित्रकाराने काही भाष्य केलेलं नाही, फक्त तो काळा सूट पुसलेला नाही.

हेच त्याच्या 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी' या शिल्पाचं. मारी व्हान गोथेम नावाची ऑपेराच्या नृत्यशाळेतली मुलगी तिचं मॉडेल होती, आई धोबीण. 1880 च्या प्रदर्शनाच्या यादीत शिल्पाचं नाव होतं, पण ते आलंच नाही. 1881 मध्ये काचेच्या कपाटात आलं. मेणाचं, साधारण मीटरभर उंच, अंगात खरी चोळी, खरा जाळीचा झगा, खरे केस, रिबीन. समीक्षक भडकले, काहींनी तिला माकडाची उपमा दिली. दगाने हयातीत प्रदर्शनात मांडलेलं हे एकमेव शिल्प. तिच्यासमोर उभे राहिलात की ओळंबा सोडा. वजन मागच्या पायावर, पुढचा पाय बाहेर वळवून नुसता ठेवलेला, हात पाठीमागे गुंफलेले, हनुवटी वर. नाचही नाही, विश्रांतीही नाही, ही हुकमाची वाट बघणारी मुलगी आहे. मग बाजूने जा आणि पाठ बघा, खांदे मागे ओढून किती ताणली आहे ती. समोरून जो तोरा वाटतो तो बाजूने थकवा वाटतो. समोरून फोटो काढून पुढे जाणाऱ्यांना हे शिल्प अर्धंच भेटतं.

त्याच्या मृत्यूनंतर स्टुडिओत दीडशेच्या आसपास मेणाच्या आणि मातीच्या आकृत्या सापडल्या, बऱ्याच मोडलेल्या. एक्स-रेमध्ये आत तारा आणि चक्क बाटल्यांची बुचं दिसली आहेत. सांगाडा कमजोर, म्हणून कंबर मोडायची, हात गळायचा, आणि हा गडी परत जोडत बसायचा. ओतून कायम करायची त्याला घाई नव्हती. आज जगभर दिसणारे त्याचे ब्राँझ त्याच्या मृत्यूनंतर वारसांनी एब्रार यांच्या ओतशाळेकडून करून घेतलेले आहेत. तेव्हा फलकावर 'दगा, ब्राँझ' वाचलंत तर आकृती त्याची आणि धातू दुसऱ्यांचा, असं समजा. पायाशी ओतशाळेचा ठसा आणि एक आकडा-अक्षर असतं, ते शोधायला मजा येते. थंड होताना ब्राँझ आकसतं, त्यामुळे मेणावरून घेतलेली प्रत मेणाहून थोडी लहान भरते, आणि प्रतीवरून काढलेली प्रत अजून लहान. छोट्या नर्तकीचं मूळ मेण वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे, ब्राँझ प्रती अनेक देशांत. ब्राँझ बघितलं म्हणून तुम्ही फसलात असं मुळीच नाही. मेणाचा अंगठ्याचा ठसा त्यातही उमटलेला असतो, आणि मी बघतो तो तेवढ्यासाठीच.

आता मुद्दा क्षण कुठला निवडला याचा. संगीत ऐकत असाल तर लगेच कळेल. समेवर सगळे मान डोलावतात, पण अंगावर काटा येतो तो समेच्या आधीच्या अर्ध्या मात्रेला. चांगले कलाकार बहुधा ती अर्धी मात्रा पकडतात. उडी पूर्ण झाली की आकृती हवेत टांगल्यासारखी मरते. उडीच्या आधी गुडघा दबतो, टाच सुटायला लागते, तिथे जीव असतो. तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या देवळाच्या गोपुरांत 108 करणं कोरलेली आहेत. करण म्हणजे हात, पाय आणि धड यांची मिळून एक हालचाल. दगडात तिचा एकच क्षण मावतो. तो आरंभीचा आहे, मधला की शेवटचा, हे ओळखायचा प्रयत्न करा. नृत्य शिकलेलं कुणी बरोबर असेल तर त्याला करून दाखवायला सांगा, दगडाआधीचं आणि नंतरचं लगेच समोर येतं.

चित्रकार मातिसच्या 'नृत्या'त हीच अर्धी मात्रा एका फटीत आहे. 1909 ची आवृत्ती न्यूयॉर्कला, 1910 ची, जास्त तांबडी आणि जास्त रांगडी, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये. पाच जणांचा फेर, प्रत्येक चित्र जवळजवळ चार मीटर रुंद. पुढच्या बाजूला दोन हात एकमेकांना भिडलेले नाहीत. बोटभर फट राहिली आहे. ती फट मिटवली असती तर फेर पूर्ण झाला असता आणि थांबला असता. या चित्राची पोस्टकार्डं इतकी बघितलेली असतात की प्रत्यक्षात त्याचा आकार अंगावर येतो. त्यापासून दहा पावलं मागे जा, मग एकदा अगदी जवळ.

शरीरच गाळून टाकणारेही आहेत. लोई फुलर काठ्यांना बांधलेलं रेशीम रंगीत दिव्यांत फिरवून नाचायची. चित्रकार तूलूझ-लोत्रेकने 1893 मध्ये तिचं शिळामुद्रण केलं, त्यात पावलं आणि वर एक छोटं डोकं सोडलं तर नुसता ढग. साठेक प्रती काढल्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. एकच प्रत लावलेली असेल तर तो ढग नुसताच सुंदर वाटतो, दोन-तीन शेजारी लावल्या असतील तर बदलणारे दिवे कळतात.

सगळ्यात कमी गर्दी असते ती कच्च्या रेखाटनांच्या खोलीत. माझा सल्ला, तिथून सुरुवात करा. 1906 मध्ये कंबोडियाच्या राजाबरोबर दरबारी नर्तकींचा ताफा फ्रान्सला आला. शिल्पकार रोदँने पॅरिसमध्ये त्यांचा नाच बघितला आणि साठी ओलांडलेला हा माणूस त्यांच्यामागे मार्सेयपर्यंत गेला. थोड्या दिवसांत त्याने दीडशेच्या आसपास रेखाटनं केली. तो कागदाकडे न बघता पेन्सिल चालवायचा. कधी एकाच हाताच्या दोन-तीन रेषा दिसतात, कुठली खरी ते त्याने ठरवलेलं नाही. मी तालमींत बसून रेखाटतो तेव्हा हेच होतं. डोळा कागदावर नेऊन परत आणेपर्यंत ती मुद्रा गेलेली असते, मग आठवणीतून काढायचं किंवा आंधळं काढायचं. या खोलीतून तयार कामांकडे गेलात की झिलईखाली काय धडपड होती ती दिसते.

नृत्यप्रकारांची माहिती असलीच पाहिजे असं नाही. एक फरक मात्र ओळंब्याला लागू होतो. बॅले जमिनीशी भांडतो, चवड्यावर चढून वजन नाकारतो, म्हणून तिथे आधाराचं क्षेत्र अंगठ्याएवढं आणि जरा चूक झाली की आकृती खोटी. आपल्या बऱ्याच शास्त्रीय नृत्यांत गुडघे बाहेर वळवून शरीर खाली बसतं, पाऊल सपाट पडतं, जमीन ही भागीदार असते. बॅलेच्या नजरेने नटराज बघितला तर जड वाटेल, आणि उलटही. शिवाय बोटं बघा. हातांच्या मुद्रा ज्या परंपरेत भाषेसारख्या आहेत तिथे आळशी शिल्पकार बोटांत पकडला जातो.

थोडं व्यवहाराचं. कागदावरची चित्रं, पेस्टल आणि जलरंग प्रकाशाने फिके पडतात, म्हणून त्या खोल्यांत प्रकाश मंद, साधारण 50 लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपास ठेवतात. आत शिरल्यावर डोळ्यांना चार-पाच मिनिटं द्या, लगेच "काही दिसतच नाही" म्हणून निघू नका. काचेत स्वतःचाच चेहरा दिसत असेल तर एक पाऊल बाजूला सरका. शिल्पाभोवती पूर्ण फेरी मारा, आणि एकदा गुडघ्यात वाकून त्याच्या कमरेच्या पातळीवरून बघा. भिंतीवरच्या सावल्याही बघा, कधी कधी सावली मूर्तीपेक्षा जास्त नाचते. हात लावू नका. घामातलं मीठ आणि तेल ब्राँझचा रंग खातं. कोपऱ्यात जागा असेल तर ती मुद्रा स्वतः करून बघा, फक्त पाठीवरची पिशवी आधी उतरवून ठेवा. दहा सेकंदांत मांडी भरून आली की मूर्तीत काय ताण आहे ते कुणी समजावून सांगायला नको. फलक शेवटी वाचा. आणि सगळं बघायचा हट्ट सोडा, पाच-सहा कामं पुरतात. वही नेलीत तर पेन्सिल घ्या, पेन आणि कोळसा बहुतेक ठिकाणी चालत नाहीत.

राहिली माझी ती पडणारी मुलगी. बाई गेल्यावर मी खरोखर दोरी आणि नट घेऊन ओळंबा सोडला. तो पावलाच्या चार बोटं बाहेर पडला. कटी कापली, टेकलेल्या पायावर सरकवून परत बसवली. मग ते पंखांसारखे हात फारच नाटकी दिसायला लागले, म्हणून तेही खाली आणले. आता तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही, पण ती उभी आहे.